आधी फोन उचला, मग सेल्स पेज लिहा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत सेल्स पेज, म्हणजे वेबसाइटवरचं वस्तू विकणारं पान, कसं लिहावं यावर एक लेख वाचला. पाच पायऱ्या, प्रत्येकीला एक चौकट आणि शेवटी 'हा साचा वापरा, ग्राहक तुमच्याशी आपोआप जोडला जाईल' असं आश्वासन. तिसरी पायरी सांगते, ग्राहकाच्या दुखऱ्या नसेवर बोट ठेवा आणि तो कळवळला की उपाय दाखवा. पाचवी सांगते, घाई निर्माण करा. लेखकाचा हेतू वाईट असेल असं मला वाटत नाही. पण मी गेली चौदा वर्षं त्या कळवळलेल्या माणसांचेच फोन घेते आहे. म्हणून चार ओळी लिहायला बसले आणि त्या चारशे झाल्या. कात्री लावणार असाल तर मधल्या इतिहासाला लावा, आजोबांच्या फोनला लावू नका.

मी कानाची मशिनं विकणाऱ्या एका कंपनीत काम करते. नाव देत नाही, कारण पगार अजून तिथलाच घेते. दुपारपर्यंत ग्राहकांचे फोन आणि दुपारनंतर वेबसाइटवरचं लिखाण. हे दुसरं काम माझ्याकडे हौसेने आलेलं नाही, भांडणातून आलं.

आमचं जुनं पान बाहेरून करून घेतलेलं होतं. वर ठळक अक्षरात 'तुमच्या श्रवण प्रवासातील विश्वासू सोबती'. त्याखाली 'क्रांतिकारी १६ चॅनल डिजिटल साउंड प्रोसेसिंग'. त्याखाली पांढऱ्या केसांचं, आभाळाकडे बघून हसणारं जोडपं. आणि बाजूला लाल रंगाचं उलटं चालणारं घड्याळ : ही सवलत संपायला उरले इतके तास, इतकी मिनिटं, इतके सेकंद.

एके दिवशी सकाळचा पहिलाच फोन. आवाजावरून बाई थकलेल्या वाटत होत्या. म्हणाल्या, काल रात्री वडिलांसाठी तुमचं पान बघत होते. घड्याळात अकरा मिनिटं उरली होती. वडील झोपलेले. त्यांना उठवून विचारावं की न विचारताच घेऊन टाकावं, हे ठरेपर्यंत अकरा मिनिटं गेली. मग रात्रभर डोळ्याला डोळा नाही. "आणि आत्ता बघते तर घड्याळ परत बारा तासांवर. मग काल काय संपलं होतं हो?"

मला उत्तर माहीत होतं. काहीच संपलं नव्हतं. वेळ संपल्यावर पान पुन्हा उघडलं की घड्याळ नव्याने सुरू व्हायचं, सवलत वर्षभर तीच होती. पण फोनशेजारी जो उत्तरांचा कागद चिकटवलेला असतो त्यातलं वाक्य मी वाचलं : "काहीतरी तांत्रिक अडचण असावी." त्या "बरं" म्हणाल्या आणि फोन ठेवला. मशीन त्यांनी घेतलं नाही. घेतलं असतं तर मला जास्त वाईट वाटलं असतं.

असल्या क्लृप्त्यांना हॅरी ब्रिग्नल या ब्रिटिश डिझायनरने २०१० मध्ये 'डार्क पॅटर्न' हे नाव दिलं, हे मी पुष्कळ नंतर वाचलं. त्या सकाळी मला एवढंच कळत होतं की मी एका दमलेल्या मुलीशी खोटं बोलले होते, आणि तेही कागदावर बघून. तशीच उठले आणि साहेबांच्या खोलीत गेले. आवाज चढले. शेवटी ते म्हणाले, "मग तुम्हीच लिहा."

आता लिहायचं काय? इथे माझी वही कामाला आली. फोन घेताना डाव्या बाजूला तक्रार, तारीख, मशीनचं मॉडेल लिहायचं असतं. उजवीकडच्या समासात मी समोरच्या माणसाचं एखादं वाक्य उतरवून ठेवायचे, त्याच्याच शब्दांत. कशासाठी ते तेव्हा मलाही सांगता आलं नसतं. काही वाक्यं विसरू नयेत अशी वाटायची, एवढंच. "टीव्हीचा आवाज मला बरोबर वाटतो तेव्हा घरातले आपापली दारं लावून घेतात." "फोनवर एकटा माणूस कळतो, चौघांत बसलं की नुसता गलका." "समोरच्याने तोंडाला मास्क लावला की मी संपलेच." "कळलं नाही तरी हसतो. सगळे हसले की मीही हसतो." आणि एका मुलीचं : "ओरडून ओरडून माझा घसा बसतो, आणि मग आईवर ओरडले म्हणून दिवसभर चुटपुट लागते."

एक वाक्य तर पानागणिक होतं. "ऐकू येतं, पण कळत नाही."

नवख्याला हे वाक्य विसंगत वाटतं. ते अगदी काटेकोर आहे. वय वाढतं तसे बहुतेकांचे आधी उंच सूर जातात. आ, ओ, ऊ हे स्वर खालच्या सुरातले आणि दमदार, ते पोचतात. स, श, फ यांच्यात मुख्यतः हवेची सळसळ असते, सूर उंच आणि जोर कमी, ते गळतात. मग कोणीतरी बोलतंय हे समजतं पण शब्दांच्या कडाच दिसत नाहीत. 'सात' म्हटलं की 'आठ' ऐकू येतं, आणि माणूस तासभर उशिरा पोचून वर बोलणी खातो. मोठ्याने ओरडून फारसा उपयोग होत नाही तोही याच कारणाने. ओरडताना स्वर वाढतात, गळलेली व्यंजनं तिथेच राहतात. हे सगळं तज्ज्ञ आलेख काढून सांगतात, आणि फोनवरच्या आजी पाच शब्दांत सांगतात. त्या पाच शब्दांऐवजी आमच्या पानावर 'श्रवण प्रवास' होता. चौदा वर्षांत एकाही माणसाने मला फोन करून "माझ्या श्रवण प्रवासाबद्दल बोलायचंय" असं म्हटलेलं नाही. १६ चॅनल द्या असंही नाही.

श्रवणयंत्र हा शब्दही तसाच. बरोबर आहे, शुद्ध आहे, पण फोनवर कोणी उच्चारत नाही. सगळे 'कानाचं मशीन' म्हणतात. क्वचित कोणी 'हिअरिंग एड' म्हणतं, आणि एक गृहस्थ नेहमी 'ते आपलं कानातलं' म्हणायचे. मी पानावर कानाचं मशीन लिहिलं तेव्हा ऑफिसात एकाने नाक मुरडलं, दर्जा खाली येतो म्हणून. माझं म्हणणं असं की माणूस ज्या शब्दाने स्वतःशी विचार करतो त्याच शब्दाने त्याच्याशी बोलावं. आधी इंग्रजीत विचार करायचा, मग त्याचं मराठी करायचं, मग त्यावर 'आपुलकी' शिंपडायची, या वळणाने लिहिलेली पानं मी रोज बघते. त्यात 'आम्ही समजतो तुम्हाला काय वाटतं' अशी वाक्यं असतात. असं मराठीत कोण कोणाला म्हणतं?

तर वही हातात होती, परवानगी मिळाली होती, आणि तरीही पहिला मसुदा मी घाण केला. हे कबूल केल्याशिवाय पुढचं सांगण्यात अर्थ नाही.

मी लिहिलं : 'खिडकीपाशी एकटे बसलेले आजोबा. बाहेर नातवंडांचा किलबिलाट. पण त्यांच्या जगात उरलीये फक्त शांतता...' लिहिताना माझेच डोळे भरून आले. शेजारच्या मुलीला वाचून दाखवलं तर तिचेही. मला वाटलं, हेच ते जोडलं जाणं. मग दोन-चार जुन्या ग्राहकांना पाठवलं, वाचून मत सांगा म्हणून. दुसऱ्या दिवशी त्यातल्या एकांचा फोन आला. आयुष्य कारखान्यात लेथवर काढलेले गृहस्थ, वय ऐंशीच्या अलीकडे-पलीकडे.

"बाई, लिहिलंय छान. पण हा माणूस मेलाय का?"

मी गप्प.

"नाही, म्हणजे खिडकीत बसून करतो काय तो? मी रोज संध्याकाळी बुद्धिबळ खेळतो. जिंकतोसुद्धा. माझी अडचण एवढीच आहे की समोरचा 'शह' म्हणतो ते मला कळत नाही. मी आपला भलतीच खेळी करून बसतो, आणि सगळे म्हणतात म्हातारा चुकला. आणि शांतता कुठली हो? कानात दिवसभर शिट्टी वाजते."

हे दोन्ही मला माहीत असायला हवं होतं. कमी ऐकू येणाऱ्या पुष्कळांच्या कानात सतत आवाज असतो, त्याच्या तक्रारी तर मीच लिहून घेत होते. आणि 'शह' हा शब्द बघा : पुढे श, मागे ह, दोन्ही हलके. त्या कानाला सगळ्यात अवघड जाईल असा शब्द मुद्दाम शोधायला गेले असते तर याहून चांगला मिळाला नसता. चौदा वर्षं ऐकूनही लिहायला बसल्यावर मी माझ्याच डोक्यातला म्हातारा लिहिला होता. मला रडू आलं ते त्या म्हाताऱ्यासाठी. फोनवरच्या माणसाला रडायचं नव्हतं, त्याला डाव वाचवायचा होता.

आपल्या लेखकांच्या तिसऱ्या पायरीशी माझं भांडण आहे ते इथे. दुखऱ्या नसेवर बोट ठेवलं की माणूस कळवळतो हे खरंच आहे. पण बोट ठेवणारा वर आणि कळवळणारा खाली, असं नातं पहिल्याच ओळीत तयार होतं. ज्याची दया येते त्याच्याशी आपण बरोबरीने बोलत नाही. आणि ग्राहकाला ते लगेच जाणवतं, ऐकू कमी येत असलं तरी.

खिडकी गेली. पानाची सुरुवात आता अशी आहे : 'ऐकू येतं, पण कळत नाही? समोरचा शह म्हणाला आणि तुम्हाला कळलंच नाही, असं होतं का?' दुसरं वाक्य त्या गृहस्थांना विचारून घेतलंय. त्यांची अट एकच होती, म्हातारा जिंकतो हेही कुठेतरी लिहा. लिहिलंय.

मग लक्षात आलं की पान वाचणारी माणसं दोन आहेत. रात्री साडेअकराला फोनवर बोट फिरवणारी बहुतेकदा मुलगी किंवा मुलगा असतो आणि मशीन घालणारं माणूस आत झोपलेलं असतं. जुनं पान फक्त आतल्या माणसाशी बोलत होतं. म्हणून मध्ये एक छोटा तुकडा घातला, 'आईवडिलांसाठी बघत असाल तर'. त्यात ते घसा बसल्याचं आणि चुटपुटीचं वाक्य जसंच्या तसं आहे. त्याखाली दोनच गोष्टी लिहिल्या. त्यांना न विचारता मागवू नका, कारण न विचारता आलेलं मशीन कपाटाच्या खणात जातं. आणि मशीन येईपर्यंत शेजारच्या खोलीतून हाका मारण्याऐवजी समोर जाऊन, चेहरा उजेडात ठेवून, सावकाश बोला. या दुसऱ्या सल्ल्यातून आम्हाला काहीच मिळत नाही. पण तो तुकडा वाचून आलेले फोन वेगळ्या आवाजात येतात.

आता इतिहास, कात्रीसाठी. जाहिरात म्हणजे छापील विक्रेता ही व्याख्या जॉन ई. केनेडी नावाच्या जाहिरात लिहिणाऱ्याने १९०४ मध्ये शिकागोत अल्बर्ट लास्कर या जाहिरात एजन्सीतल्या माणसाला सांगितली, आणि तो धंदा त्यानंतर बदलला असं मानतात. लक्ष, रस, इच्छा, कृती हा आपल्या लेखातला क्रमही शंभर वर्षांहून जुना, एल्मो लुइस या अमेरिकन माणसाच्या नावावर असलेला. माझी हरकत व्याख्येला नाही. दारात उभा राहिलेला विक्रेता निदान समोरचा चेहरा बघत असतो. समोरचा कंटाळला की आवरतं घेतो, कपाळाला आठी पडली की वाक्य बदलतो. पानाला चेहरा दिसत नाही. ते बघणं लिहिणाऱ्याने आधी जाऊन उरकून यायचं असतं.

साहेबांची पहिली हरकत होती, विशेषणं काढली तर पान फिकं पडेल. त्यांना मी १९९७ चा एक प्रयोग दाखवला. जेकब नील्सन आणि जॉन मॉर्क्स यांनी अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याच्या पर्यटनावर एकच मजकूर पाच तऱ्हांनी लिहून ५१ जणांना वाचायला दिला. एक जाहिराती थाटाचा, 'जगप्रसिद्ध ठिकाणं, दरवर्षी लोटणारी गर्दी' वगैरे. एकातून फक्त ती फुशारकी काढली, माहिती तीच ठेवली. त्यांच्या मोजमापात पान वापरायला २७ टक्क्यांनी सोपं ठरलं. मजकूर निम्म्यावर आणला तेव्हा ५८ टक्क्यांनी. आखूड, बिनफुशारकी आणि नजर फिरवून वाचता येईल असा मांडला तेव्हा १२४ टक्क्यांनी. यात विक्री मोजलेली नव्हती, वाचणं आणि हवं ते सापडणं मोजलं होतं, हे मी साहेबांना प्रामाणिकपणे सांगितलं. ते म्हणाले, वाचलंच नाही तर घेणार काय? हे त्यांचं वाक्य मला आवडलं. साहेब कधीकधी असं बोलून जातात.

दुसरी हरकत मोठी होती. 'हे मशीन काय करणार नाही' असा तुकडा मला पानाच्या वरच्या अर्ध्यात हवा होता. त्यात लिहिलं की चष्मा घातला की लगेच लख्ख दिसतं, तसं मशीनचं नाही. पहिले काही आठवडे स्वतःचाच आवाज हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखा येतो. कागदाची चुरचुर, फ्रिजची घरघर, नळाचं पाणी, इतकी वर्षं न ऐकलेले आवाज एकदम अंगावर येतात, आणि मेंदूला ते मागे ढकलायला पुन्हा शिकावं लागतं. कानात नीट बसलं नाही तर शिट्टी वाजते. गर्दीत, गलक्यात मशीन असूनही त्रास होतोच. बॅटरीचे छोटे सेल काही दिवसांनी बदलावे लागतात. त्यावरचं चिकट लेबल सोलताक्षणी हवा आत जाते आणि सेल सुरू होतो, म्हणून सगळी लेबलं एकदम सोलून ठेवू नका. लेबल परत चिकटवलं म्हणून तो पुन्हा नवा होत नाही. या एका लेबलापायी मी आयुष्यातले किती तास फोनवर घालवलेत! लोकांना वाटायचं आम्ही मेलेले सेल पाठवतो. विकण्याआधी दोन वाक्यं सांगितली असती तर तो संशय आलाच नसता.

त्याहून वर, चौकटीत, असं : एका कानाने अचानक, काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत ऐकू येणं कमी झालं असेल, कानातून पाणी किंवा पू येत असेल, चक्कर येत असेल, तर मशीन मागवू नका, आजच्या आज कानाच्या डॉक्टरांकडे जा. अचानक आलेल्या बहिरेपणात उपचार जितके लवकर तितका उपयोग होण्याची आशा जास्त. आणि तपासणीत कधीकधी निघतो तो नुसता कानातला मळ.

साहेबांनी कपाळाला हात लावला. "म्हणजे आलेलं गिऱ्हाईक आपणच दारातून परत पाठवायचं?" मी म्हटलं, ज्यांना मशीनचा उपयोगच नाही ते पार्सलासकट परतच येतात, फक्त चिडून येतात. मग मी त्यांना फोक्सवॅगनची १९६० ची जाहिरात दाखवली. गाडीचा फोटो आणि खाली एकच शब्द, 'लेमन'. इंग्रजी बोलीत याचा अर्थ सदोष निघालेली गाडी. मजकुरात लिहिलं होतं की ग्लोव्ह कंपार्टमेंटवरच्या क्रोमच्या पट्टीला डाग आहे, म्हणून ही गाडी आमच्या तपासनिसाने अडवली. दोष सांगणारा माणूस बाकीचंही खरं बोलत असेल असं वाचणाऱ्याला वाटतं. अर्थात ही युक्ती म्हणून करायला गेलं की तिचंही घड्याळच होतं. 'आमचा एकच दोष, आम्ही फार परिपूर्ण आहोत' छापाची कबुली मी दोन ठिकाणी वाचली आहे.

हमीची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. जुन्या पानावर मोठ्या अक्षरात 'पटलं नाही तर पैसे परत' होतं. खाली राखाडी, मुंगीएवढ्या अक्षरात अट : पाकिटाचं सील तुटलेलं नसावं. कानाचं मशीन सील न तोडता कानात कसं घालून बघायचं हे मी साहेबांना विचारलं. ते बराच वेळ विचार करत होते. ती अट लिहिली कोणी याचा पत्ता शेवटपर्यंत लागला नाही.

१८९१ मध्ये इंग्लंडात कार्बोलिक स्मोक बॉल नावाचा, नाकात औषधी धूर सोडायचा रबरी गोळा विकणाऱ्या कंपनीने जाहिरात दिली होती : हा गोळा सांगितल्याप्रमाणे दिवसातून तीनदा, दोन आठवडे वापरूनही फ्लू झाला तर १०० पौंड देऊ. आम्ही गंमत करत नाही हे पटावं म्हणून १००० पौंड बँकेत ठेवल्याचंही छापलं. लुईझा कार्लिल या बाईंनी गोळा घेतला, नेमाने वापरला आणि १८९२ च्या जानेवारीत त्यांना फ्लू झाला. कंपनीचं म्हणणं, जाहिरातीतलं बोलणं कोणी इतकं मनावर घेतं का? न्यायालय म्हणालं, घेतं, पैसे द्या. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा खटला आजही पहिल्या वर्षी शिकवतात. सेल्स पेज लिहिणाऱ्यांनाही शिकवावा. आमची हमी आता चार ओळींची आहे, बाकी मजकुराच्याच आकाराच्या अक्षरात, आणि सील तोडायचं असतंच हे तिच्यात लिहिलंय.

ग्राहकांचे अभिप्राय हा सगळ्यात नासलेला कोपरा. जुन्या पानावर 'माझं आयुष्यच बदललं!' असं एकाच सुरात म्हणणारी सहा माणसं होती आणि सहाही विकतच्या फोटोतली. ती सगळी काढली. एकाच ग्राहकाचं बोलणं ठेवलं : "पहिले आठ दिवस काढून फेकावंसं वाटलं. आता सकाळी घालायचं राहिलं तर चुकल्याचुकल्यासारखं होतं." हे छापण्याआधी त्यांना फोनवर वाचून दाखवलं. ते म्हणाले, आठ नाही हो, पंधरा दिवस. मी पंधरा केले.

लाज वाटावी अशी एक गोष्ट मात्र माझ्या नव्या पानावरही सहा महिने होती. शेवटी ठळक अक्षरात : 'काही शंका? आम्हाला फोन करा.' फक्त फोन. एकांनी कागदावर लिहून पत्र पाठवलं. "ज्याला ऐकू येत नाही त्याला फोन करायला सांगता, धन्य आहे तुमची." पत्र माझ्या टेबलावर काचेखाली ठेवलंय. आता पानावर मेसेजची सोय आहे, ईमेल आहे, टपालाचा पत्ता आहे. मी ऐकण्याच्या एवढ्या गप्पा मारते, आणि हे मला सुचलं नव्हतं.

निकाल काय, असं आपले लेखक विचारतील. पहिल्या दोन महिन्यांत ऑर्डरी घटल्या. परत येणारी पार्सलं त्याहून जास्त घटली. नफ्याचं गणित अकाउंटवाल्यांना माहीत. तिसऱ्या महिन्यात साहेबांनी माझ्या टेबलाशी येऊन विचारणं बंद केलं, त्यावरून मी काय ते समजले. मला जाणवलेला फरक फोनमधला. आधी पहिला प्रश्न असायचा, "सवलत खरंच आज संपते का?" आता लोक विचारतात, "तुम्ही लिहिलंय ना, स्वतःचा आवाज हंड्यात बोलल्यासारखा येतो म्हणून, तो किती दिवस?" बोलणं मधूनच सुरू होतं, जणू आधी एकदा भेट झाली आहे.

लेखात आखूड वाक्यं लिहा आणि मागवायचं बटण एकच ठेवा असं सांगितलंय, ते मात्र शंभर टक्के मान्य. आमच्या पानावर पूर्वी सात बटणं होती.

आपल्या लेखकांना एक निरोप द्यावा. त्यांना पुढचा लेख लिहायचा असेल तर एक सकाळ आमच्याकडे येऊन बसावं. माझ्या डावीकडची खुर्ची रिकामी असते, जादा हेडफोन आहे. त्याचा उजवा कान मधूनमधून बंद पडतो, तेवढं चालवून घ्यावं लागेल.

आपली,
एक जुनी वाचक
(नाव छापू नये ही विनंती.)

ता. क. : पत्र छापलंत तर अक्षर जरा मोठं ठेवा. माझे फोनवरचे बरेच लोक तुमचा अंक भिंग घेऊन वाचतात.